निपल खाली, हवा वर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला वेगवान गाड्यांचे ब्रेक बदलण्याविषयीचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडीने, दुसऱ्यांदा भिंग घेऊन. भिंग लागलं ते सोबतच्या छायाचित्रासाठी. लालभडक, चार पिस्टनचा कॅलिपर (म्हणजे तेलाच्या दाबाने पिस्टन सरकवून डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड आवळणारा भाग), मागे चाकाबरोबर फिरणारी भोकांची चकचकीत डिस्क. फोटो झकास आहे. पण कॅलिपरच्या दोन भागांना जोडणारी बारीक नळी त्यात वरच्या अंगाला दिसते आणि तेलात अडकलेली हवा काढायचं निपल खालच्या. असायला हवं नेमकं उलट. म्हणजे डाव्या चाकाचा कॅलिपर उजवीकडे बसवलाय. ही चूक मला चटकन ओळखू येते, कारण ती मी स्वतः करून बसलोय.

ओतशाळेत माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर मुलाने आणि मी मिळून दोन लिटर टर्बो इंजिनाची एक जुनी सेडान घेतली. मुलाने इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि आम्ही ती अधूनमधून ट्रॅकवर न्यायला लागलो. (या वयात हे धंदे कशाला, हा प्रश्न घरी विचारून झाला आहे.) अशाच एका दिवशी चौथ्या फेरीत, सरळ पट्टा संपता संपता मी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. सोडून पुन्हा दाबलं, काही नाही. तिसऱ्यांदा थोडंसं धरलं, तोवर गाडी वळणाबाहेरच्या खडीत रुतली होती. कुणाला लागलं नाही. घरी येऊन निपल सैल केलं, तर बाहेर आलं ते काळपट, गढूळ ब्रेक ऑइल. तीन वर्षांत आम्ही ते बदललंच नव्हतं.

आपल्या लेखात ब्रेक ऑइलला एक ओळ मिळाली आहे, तीही शेवटून दुसरी. खरं तर सुरुवात तिथून हवी होती. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की मानकात हाच आकडा १५५ वर येतो. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ दबते. नळीत वाफ झाली की तुम्ही पायाने नुसती वाफ दाबत बसता, पॅडला काही कळतच नाही.

यातून शहाणं व्हायचं सोडून आम्ही दोघांनी मोठे कॅलिपर आणले. एका दुपारी बसवले आणि हवा काढायला घेतली. मुलगा आत पेडल मारतोय, मी खाली पाना धरून. पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबले, तेल स्वच्छ यायला लागलं, पेडल मात्र मऊ ते मऊच. तेलाच्या दोन बाटल्या संपल्या. मग कधीतरी माझी नजर निपलवर गेली. ते तळाला होतं, आणि हवा तर वर जाऊन बसते! साच्याला वरून वाट ठेवली नाही तर वायू आत अडकतो आणि ओतीव पोकळ निघतं, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. आणि इथे दार तळमजल्यावर उघडं ठेवून पाहुणा माडीवरून कधी उतरतो याची वाट बघत होतो. कॅलिपरची अदलाबदल केली आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. शिवाय असे कॅलिपर उलटे बसले की प्रश्न फक्त हवेचा राहत नाही. त्यांतले पिस्टन बहुधा लहान-मोठे असतात. डिस्क फिरत जिथून पॅडखाली शिरते तिथे लहान, बाहेर पडते तिथे मोठा. उलट बसवलं की पॅड तिरका झिजतो.

आता लेखाचा मथळा: ‘मोठे ब्रेक, कमी अंतर’. हे मला पटलेलं नाही. गाडी थांबवतो तो टायर. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरत असेल, तर टायरला पेलवेल त्याहून जास्त जोर तुमचे ब्रेक आधीच लावताहेत. त्याहून मोठे बसवून त्या एका थांबण्यात पदरात काही पडत नाही. मोठ्या डिस्कचं काम दहाव्यांदा, विसाव्यांदा थांबताना दिसतं. दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे २३ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कवर गेली आणि प्रत्येक डिस्क दहा किलोची धरली, तर एकाच दमात तिचं तापमान दीडशे अंशांहून जास्त वाढतं. लगेच पुढचं वळण, पुन्हा तेच. तिथे जास्त बीड (डिस्कचं ओतीव लोखंड) आणि जास्त वारा लागतो, रंग नाही.

नुसते पुढचे ब्रेक वाढवले आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल पुढे ढकलणारा भाग), मागचे ब्रेक तसेच ठेवले, तर थांबण्याचं अंतर वाढूही शकतं. मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागतं, म्हणून पेडल लांब जातं. पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात आणि मागच्या टायरांची पकड वापरलीच जात नाही. उत्पादक पुढे-मागे जो तोल साधून देतो, तो आपण एका दुपारी बिघडवतो. लेखात याचा उल्लेखही नाही, हे मात्र मला खटकलं.

भोकांच्या डिस्कबद्दल एवढंच सांगतो की बिडातलं ग्रॅफाइट उष्णता पटकन पसरवतं, कंपनं जिरवतं, पण ताण बिडाला सोसत नाही. पुन्हा पुन्हा तापून निवताना भोकांच्या कडेला केसाएवढ्या चिरा पडतात. आमच्या गाडीला साध्या डिस्क आहेत, आतून हवा खेळणाऱ्या. पॅड जास्त उष्णता सोसणारे घेतले. थंड असताना ते कुरकुरतात आणि पहिल्या दोन-चार दाबांत नीट धरत नाहीत, म्हणून रोजच्या वापराला वेगळा संच ठेवलाय. ब्रेक ऑइल दर वर्षी बदलतो. टायर नवे घातले. मोठे कॅलिपर काढून मूळचेच परत बसवले आणि आता वीस फेऱ्यांनंतरही पेडल जागच्या जागी असतं.

पुढच्या रविवारी खुलासा छापणार असाल तर मथळ्याचं आपण बघून घ्या. पण फोटोतली गाडी ज्यांची असेल त्यांना एक फोन तेवढा आजच करा, आणि कॅलिपर बदलून होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका म्हणावं.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर