तान्ह्या बाळाचे घरचे अन्न प्रवेशद्वारावर अडवल्याबद्दल आणि बालक कक्ष कुलूपबंद ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

ठाणे (पश्चिम)

महोदय / महोदया,

दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे पती, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा असे आम्ही सर्वजण ठाण्याहून आपल्या मनोरंजन उद्यानात आलो होतो. तिकिटे आपल्याच संकेतस्थळावरून आगाऊ काढलेली होती आणि त्यांची प्रत सोबत जोडली आहे. त्या दिवशी आमच्या बाळाचे आपल्या उद्यानात जे हाल झाले त्याबद्दल ही लेखी तक्रार आहे. मोठ्या माणसांची जी गैरसोय झाली ती आम्ही सोसली असती आणि हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

पहिला प्रसंग प्रवेशद्वारावर पिशव्यांच्या तपासणीच्या वेळी घडला. बाळाच्या पिशवीत गरम राहणाऱ्या डब्यात सकाळीच शिजवलेली मऊ मूगडाळ-तांदळाची खिचडी होती, एका डबीत नाचणीचे सत्त्व होते, वाफवलेल्या सफरचंदाचा गर होता आणि थर्मासमध्ये उकळलेले पाणी होते. तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने ते सर्व बाहेर काढले आणि ‘बाहेरचे खाणे आत नेता येत नाही’ असे सांगितले. हे अन्न आठ महिन्यांच्या बाळाचे आहे, आमच्यापैकी कोणीही त्यातला घास खाणार नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले आणि सासूबाईंच्या कडेवरचे बाळही दाखवले. त्यानंतर त्यांनी आपल्या वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठांचे उत्तर असे होते की बाजारात मिळणारे, न उघडलेले शिशुआहाराचे पाकीट किंवा दुधाच्या भुकटीचा डबा असता तर सोडता आला असता, पण घरी शिजवलेले अन्न नियमात बसत नाही. शेवटी पाणी सोडले गेले, पण खिचडी, सत्त्व आणि फळाचा गर पैसे भरून लॉकरमध्ये ठेवावा लागला. लॉकरची पावतीही सोबत आहे.

या उत्तराने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. हे वरचे अन्न म्हणजे घरचे ताजे, मऊ, मीठ-साखर न घातलेले अन्न. आपल्या देशात १९९२ पासून शिशुदुग्धपर्याय आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीवर व प्रसारावर बंदी घालणारा कायदा आहे, आणि २००३ मधील दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीचे तयार खाद्यपदार्थही त्याच्या कक्षेत येतात. पाकिटावर विसंबून आयांनी आपले दूध आणि घरचे अन्न मागे टाकू नये, ही त्यामागची काळजी आहे. आपल्या प्रवेशद्वारावरचा नियम या कायद्याचा भंग करतो असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्या आईने पहाटे उठून खिचडी शिजवली तिला परत पाठवायचे आणि जिने दुकानातून पाकीट आणले तिला आत सोडायचे, हा नियम बाळाच्या आरोग्याचा विचार करून केलेला नाही एवढे निश्चित.

बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा आपला व्यावसायिक अधिकार मी नाकारत नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांच्या प्रकरणात मालकांचा हा अधिकार मान्य केला, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याच सुनावणीत, तान्ह्या मुलाला घेऊन आलेल्या पालकांनी बाळापुरते अन्न आणल्यास चित्रपटगृहे हरकत घेत नाहीत ही बाब न्यायालयापुढे मांडली गेली आणि न्यायालयाने तिची नोंदही घेतली. चित्रपट अडीच-तीन तासांचा असतो. आपल्या उद्यानात माणसे सकाळी येतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. जिथे कमी वेळ थांबायचे तिथे बाळाच्या अन्नाला मुभा असते आणि जिथे पूर्ण दिवस काढायचा तिथे ती नसते, याचे कारण आपण मला लेखी कळवावे.

‘आत फूड कोर्टमध्ये सर्व काही मिळते’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तिथे पावभाजी, नूडल्स, पिझ्झा, छोले-भटुरे आणि थाळी एवढेच होते. मी नुसता पांढरा भात मागितला, तेव्हा तो थाळीशिवाय मिळणार नाही असे उत्तर आले. पूर्ण थाळीचे पैसे भरून भात घेतला, तर तो फोडणीचा आणि खारट निघाला. वर्षाच्या आतल्या मुलाला तिखट-मीठ देत नाहीत, हे स्वयंपाकघरात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. मी एकट्याने लॉकरपर्यंत परत जाऊन डबा उघडावा म्हटले, तर लॉकर प्रवेशद्वाराच्या पलीकडे असल्याने एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत येता येणार नाही असे कळले. म्हणजे बाळाचे अन्न आमच्याच नावाने, आम्हीच पैसे भरून घेतलेल्या कपाटात होते आणि बाळ भुकेने रडत असताना आम्हाला त्याला हात लावता येत नव्हता. दिवसभर तो केवळ माझ्या दुधावर राहिला. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा खिचडी आंबलेली होती आणि ती टाकून द्यावी लागली.

दूध पाजण्याच्या जागेचा अनुभव याहून वाईट होता. आपल्या संकेतस्थळावरील आणि प्रवेशद्वारावर वाटल्या जाणाऱ्या नकाशात बाळाच्या चिन्हाने ‘बालक कक्ष’ दाखवला आहे. मी तिकिटे काढली त्यात या चिन्हाचा मोठा वाटा होता, कारण अंगावर पिणाऱ्या मुलाला घेऊन दिवसभर बाहेर राहायचे तर आई सर्वप्रथम हीच चौकशी करते. नकाशाप्रमाणे शोधत आम्ही त्या जागी पोहोचलो, तेव्हा दाराला कुलूप होते. काचेतून आत पाहिले तर पुठ्ठ्यांचे खोके छतापर्यंत रचलेले दिसले. जवळच्या कर्मचाऱ्याने चावी पर्यवेक्षकांकडे असते असे सांगितले, पर्यवेक्षकांनी ती खोली सध्या सामान ठेवण्यासाठी वापरतात असे सांगितले, आणि मग मी प्रथमोपचार कक्षात बसावे असे सुचवण्यात आले. तिथे गुडघा फुटलेला एक मुलगा आणि पाळण्यात बसून उलट्या होऊ लागलेली एक बाई होती. तिथल्या परिचारिकेने मात्र मला कोपऱ्यात खुर्ची दिली, मध्ये चादर धरली आणि बाळाचे पिणे होईपर्यंत कोणाला त्या बाजूला येऊ दिले नाही. त्यांचे आभार मी या पत्रातून मानते आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत अशी विनंती करते. परंतु आजारी आणि जखमी माणसांच्या खोलीत तान्ह्या बाळाला पाजायला बसवणे ही सोय होऊ शकत नाही. दुपारी मी पुन्हा गेले तेव्हा गर्दीमुळे जागा नव्हती, आणि खाद्यपदार्थांच्या दुकानामागे, सासूबाईंनी धरलेल्या साडीच्या पदराआड मला बाळाला पाजावे लागले.

हे महाराष्ट्रात घडले याचे मला अधिक वाईट वाटते. घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक मुलाने ऐकलेली असते, आणि तिच्याच नावाने आपल्या राज्यात एसटीच्या स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांमध्ये हिरकणी कक्ष सुरू झाले. सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी आणि बालसंगोपनासाठी जागा असावी या मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल दिला आणि केंद्राने याविषयी राज्यांना दिलेल्या सूचनेचे पालन व्हावे असे सांगितले. तो निकाल मुख्यतः सार्वजनिक इमारतींविषयी आहे, तेव्हा आपली कंपनी खासगी असल्याचे कारण आपण पुढे कराल. पण मी आपल्याकडे नवी खोली मागत नाही. जी खोली आपण बांधली, नकाशात छापली आणि जिच्या भरवशावर आमच्याकडून पैसे घेतले, ती उघडी ठेवा एवढेच मागते आहे.

स्वच्छतागृहांविषयी थोडक्यात लिहिते. महिलांच्या स्वच्छतागृहात डायपर बदलण्यासाठी फळी किंवा ओटा नव्हता, पुरुषांच्या बाजूलाही नव्हता, त्यामुळे पतींना इच्छा असूनही हे काम करता आले नाही. झाडाखालच्या बाकावर दुपटे अंथरून आम्ही डायपर बदलला. वापरलेला डायपर टाकण्यासाठी झाकणाची कचरापेटी सापडली नाही. आपल्याकडून भाड्याने घेतलेल्या बाबागाडीचे एक चाक अडकत होते आणि मुख्य चौकातला उतार दुरुस्तीसाठी बंद असल्याने ती पायऱ्यांवरून उचलून न्यावी लागली. रांगांच्या वर छत आहे, पण ज्यांना रांगेत उभे राहायचे नाही अशा आजी-आजोबांना बाळाला घेऊन सावलीत बसता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. गाडीवर ओढणी टाकून ऊन अडवावे म्हटले तर आत हवा कोंडते आणि उष्णता वाढते, त्यामुळे तो उपाय तान्ह्या बाळासाठी धोक्याचा आहे.

इतक्या लहान मुलाला उद्यानात आणायचेच कशाला, असे आपल्या पर्यवेक्षकांनी मला विचारले. त्यांना तिथे दिलेले उत्तर इथेही देते. मोठ्या मुलीला वर्षभरात मिळणारी ही सुट्टी होती आणि धाकट्याला अंगावर पाजत असल्यामुळे मी त्याला घरी ठेवू शकत नव्हते. तो येऊ शकत नसेल तर मी येऊ शकत नाही, आणि मी येऊ शकत नसेन तर तिची सहल अर्धी राहते. दोन मुले असलेल्या अनेक घरांत त्यांच्या वयात असे अंतर असते. आपण ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ अशी जाहिरात करता, ती याच घरांना उद्देशून असते. उंच पाळण्यांवर बाळाला बसू देत नाहीत याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. उंचीची अट सुरक्षिततेसाठी आहे आणि ती कडकच असावी. पण ज्या पाळण्यावर मुलीला मोठ्या माणसासोबतच बसता येते, तिथे वडिलांनी एक फेरी केल्यावर त्यांच्याकडे बाळ देऊन आईला पुन्हा रांग न लावता आत जाता यावे, एवढी अदलाबदल सहज शक्य आहे. डिस्नेच्या परदेशातील उद्यानांत ही पद्धत रूढ आहे आणि तिथे बाळांच्या संगोपनासाठी स्वतंत्र केंद्रेही असतात. या अदलाबदलीला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त रांगेवरच्या कर्मचाऱ्याला तशी सूचना लागते. मी विनंती केली तेव्हा ‘असा नियम नाही’ असे उत्तर मिळाले आणि माझी मुलगी त्या पाळण्यावर आईसोबत बसू शकली नाही.

निघताना मी तक्रारवही मागितली. ती उपलब्ध नसल्याचे सांगून मला ई-मेल करायला सांगण्यात आले. ई-मेलला केवळ पोच मिळाली. त्यानंतर आपल्या कार्यालयातून दूरध्वनी आला आणि पुढील भेटीसाठी सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले. ते मी नम्रपणे नाकारले आहे आणि या पत्रानेही नाकारते. ज्या ठिकाणी बाळाला अन्न नेता येत नाही तिथे स्वस्तात पुन्हा येऊन माझ्या तक्रारीचे निवारण होत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. दोन वर्षांखालील मुलांसाठी आणलेले घरचे अन्न, दूध आणि पाणी वाजवी प्रमाणात आत नेता येईल असा स्पष्ट नियम करून तो तिकिटावर, संकेतस्थळावर आणि प्रवेशद्वारावरील फलकावर मराठीत लिहावा, म्हणजे पुढच्या आईला तपासणीच्या टेबलावर वाद घालावा लागणार नाही. बालक कक्षातले सामान हलवून तो उद्यानाच्या संपूर्ण वेळेत उघडा ठेवावा, आणि ते जमत नसेल तर आजच नकाशावरून त्याचे चिन्ह काढावे. स्त्री आणि पुरुष दोन्ही स्वच्छतागृहांत डायपर बदलण्याची सोय करावी. पालकांच्या अदलाबदलीचा विचार करावा. माझ्यापुरते म्हणाल तर लॉकरचे शुल्क, न खाता आलेल्या थाळीची रक्कम आणि माझ्या स्वतःच्या तिकिटाची रक्कम परत मिळावी. इतरांच्या तिकिटांचे पैसे मी मागत नाही, कारण मुलीने आणि तिच्या वडिलांनी पाळण्यांचा आनंद घेतला आहे.

जाहीर केलेली सेवा प्रत्यक्षात न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरते, असे माझे म्हणणे आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि आवश्यक वाटल्यास ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि आमच्या तिकिटांएवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण मला हवा आहे तो बदल आपण एका परिपत्रकाने आणि एका चावीने करू शकता.

कळावे,

आपली,
एक तिकीटधारक ग्राहक
(नाव, पत्ता व तिकीट क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत)

सोबत : तिकिटांच्या प्रती, लॉकरची व फूड कोर्टची पावती, उद्यानाचा नकाशा, कुलूपबंद बालक कक्षाची छायाचित्रे, ई-मेलची पोच