कारंजं नंतर बघू, आधी पाणी कुठनं येतंय ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मोठ्या घरांच्या बागांवरचं पान बघितलं. फोटो झकास होते, तीन टप्प्यांचा धबधबा, निळ्या फरशीचं तळं, हिरवंगार लॉन. आमच्या घरात ते पान सगळ्यांनी आळीपाळीनं बघितलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण असलाच धबधबा आम्ही चार वर्षांमागं केला होता आणि मोडला पण. म्हणून हे पत्र. थोडं लांबतंय, कात्री लावा हवी तर.

आम्ही तिघं भाऊ, बेळगावच्या पश्चिमेला लाल मातीच्या भागात एकाच परड्याभोवती तिघांची घरं, मधी बारा गुंठे जागा. एका बाग करून देणाऱ्याला काम दिलं, नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता, आम्हीच मोबाईलवरचा फोटो दाखवून "असं पायजे" म्हटलं, त्यानं तसं करून दिलं. गेटजवळच्या उंच कोपऱ्यात, का तर रस्त्यावरनं दिसतं. फायबरचे खडक, खाली दहा बाय पंधरा फुटाची सिमेंटची टाकी, दोन फूट खोल. ऑगस्टमध्ये चालू केलं तेव्हा काय सांगू, पै पाहुणा कोण आला की आधी तिकडं न्यायचो.

मार्चपासनं पाणी उतरायला लागलं, आठवड्याला वीतभर. ऊन खातंय म्हणून आम्ही भरत बसलो. शेवटी पुतण्यानं एक साधी गोष्ट केली, पाण्यानं भरलेली बादली टाकीतल्या पायरीवर ठेवली आणि बादलीत आणि टाकीत दोन्हीकडं खडूनं खूण केली. दोन दिवसांत बादली जेमतेम बोटभर उतरली आणि टाकी तीन बोटं. म्हणजे ऊन नव्हे, गळती. खाली मुरूम नीट ठोकलाच नव्हता, टाकी बसली, तडा गेला आणि तळाचा जांभा दगड तर पाणी पिऊनच टाकतो. आणि गळती नसती तरी हिशेब बघा, भर उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं असं धरलं तर एवढ्या टाकीतनं पंच्याऐंशी लिटर, म्हणजे पाच-सहा घागरी रोज हवेत. पाणी वरनं उडवलं की त्याहून जास्त.

आमच्या विहिरीवर एप्रिल-मेमध्ये शेजारची चार घरं पाण्याला येतात. आई एक दिवस पंपाजवळ गेली, स्विच बंद केला आणि मला म्हणाली, बायका घागरी घेऊन उभ्या हायत आणि तू पाणी वर उडवायलास होय रे? त्या दिवसापासनं धबधबा बंद.

बंद केला म्हणून भानगड संपली नाही. टाकीत अर्धा फूट पाणी उरलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या फायबरच्या खडकांच्या खळग्यांत वळवाचं पाणी साठायचं ते कुणाच्या लक्षातच नाही. आरोग्य खात्याच्या आशाताई तपासणीला आल्या, टॉर्च मारून दाखवलं, प्रत्येक खळग्यात वळवळ. डेंग्यूच्या डासाला असलं वाटीभर स्वच्छ पाणी पुरतं, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस बास. लाख दीड लाख घालून आम्ही डासांची बाग केली होती म्हणा की.

मग मोडलं सगळं. पुढच्या वेळी मात्र फोटो बघितला नाही, पाऊस बघितला. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही दोघं भाऊ छत्री घेऊन परड्यात उभं राहिलो, पाणी कुठनं येतंय, कुठं थांबतंय, कुठनं बाहेर पडतंय तिथं खुंट्या मारत गेलो. शेजारी हसायलेत, हसू देत. पण बागेचा नकाशा त्या तासाभरात झाला, पायवाट, तळं, बसायचा कट्टा सगळं त्या खुंट्यांवरनं ठरलं. एक गोष्ट उशिरा कळली ती आधी सांगतो, तळं उतारावर खालच्या बाजूला घ्यावं पण अगदी शेवटच्या खोलगट टोकाला नको. तिथं सगळा गाळ येतो, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की खाली अंथरलेला कागद फुग्यासारखा वर उचलला जातो.

कागद म्हणजे कृषी होंडाला, म्हणजे शेततळ्याला, घालतात तो प्लास्टिकचा, ५०० मायक्रॉनचा. सिमेंटपेक्षा स्वस्त, जमीन जरा हलली तरी फाटत नाही, फक्त खाली दगडाची टोकं राहू देऊ नका, बारीक माती किंवा जुनी पोती अंथरा. माप काढायला सोपं आहे, लांबीत खोलीच्या दुप्पट मिळवायचं आणि काठावर दाबायला दोन फूट, रुंदीचं पण तसंच. दहा बाय पंधरा, दोन फूट खोल तळ्याला सोळा बाय एकवीस फुटाचा तुकडा.

आमच्याकडं जांभा, पाणी झिरपतं. पण हेच अथणी, गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या रानात केलं तर दुखणं वेगळं, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, सिमेंटच्या टाकीला तडा जाणारच. एकाच जिल्ह्यात केवढा फरक बघा, खानापूरच्या घाटाकडं पाऊस धो धो आणि अथणीला वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. एकच डिझाईन दोन्हीकडं चालेल कसं?

पाणी विहिरीतनं घ्यायचं नाही हे आईनं ठरवूनच टाकलं होतं, मग छपराचं घेतलं. हजार चौरस फूट छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ९३ लिटर होतात. बेळगावला वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे थोडं वाया धरूनसुद्धा एका छपराचं नव्वद हजार लिटर. पण येतं ते चार महिन्यांत, म्हणून तळ्यापेक्षा तळ्याबाहेर जाणारी वाट महत्त्वाची. ती आम्ही शोषखड्ड्यात सोडली, गाळाचं पाणी थेट विहिरीत नाही. आणि न्हाणीचं पाणी आज्जीच्या वेळेपासनं जसं केळी-अळवात जायचं तसंच ठेवलं, ती बाजू बारा महिने हिरवी असते, एक पैशाचा पंप नाही. खरं सांगायचं तर अख्ख्या परड्यात सगळ्यात देखणा कोपरा तोच आहे.

तळ्याच्या काठाला वेखंड आणि कर्दळ, पाण्यात कुमुदिनी. तिला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, पण अर्धंअधिक पाणी पानांनी झाकलं पायजे, नाहीतर शेवाळ. गप्पी मासे सोडले की डासांचा प्रश्न मिटतो. महापालिकेच्या नळाचं पाणी घालणार असाल तर एक दिवस उघडं ठेवून मग घाला, क्लोरीननं मासे मरतात. आणि कुणी सिमेंटची टाकी बांधलीच असेल तर मासे सोडायच्या आधी पाणी भरून, केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून, दोनचार वेळा बदलून घ्या, नव्या सिमेंटचा चुना माशांना सोसत नाही. वड, उंबर, चिंच जवळ नकोत, मुळं तरी फोडतात नाहीतर पाला कुजतो. बांबूचा पाला तर रोज काढा, परत तेवढाच.

कारंजं नकोच असं मी म्हणत नाही. पोरांनी हट्ट केला म्हणून एक छोटं ठेवलंय, तळ्यातलंच पाणी फिरतं, संध्याकाळी तासभर. उंची मात्र काठापर्यंतच्या अंतराच्या निम्मी, कारण जुलैतला आमच्याकडचा वारा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, पाणी तळ्यात कमी आणि कट्ट्यावर बसलेल्याच्या अंगावर जास्त. पंपाच्या लाईनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या, ३० मिलिअँपिअरचा, ह्यात काटकसर करू नका. पोरं पाण्यात हात घालणारच. त्याचसाठी काठानं फूटभर रुंद आणि वीतभर खोल अशी पायरी ठेवली, पाय घसरला तरी पोरगं थेट दोन फुटात जात नाही.

आपल्याकडं पाण्याची हौस नवी नाही हो. विजापूरजवळ कुमटगीला आदिलशाही काळातले जलमहाल आहेत, उंचावरच्या टाकीतलं पाणी मातीच्या नळांतनं येऊन छतातल्या झाऱ्यांतनं खाली पडायचं. वीज कुठली तेव्हा, सगळं उतारावर. आमच्या त्या कॉन्ट्रॅक्टरला तिकडं एकदा न्यायला पायजे होतं.

तेव्हा पुरवणीच्या लोकांना एक विनंती. बागांचे फोटो जरूर छापा, फक्त एकदा ते मे महिन्यात जाऊन काढा आणि फोटोखाली पाणी कुठनं आणलंय ते एका ओळीत लिहा. आमच्या परड्याचे काढायचे असतील तर या, मेमध्ये तळं निम्मं रिकामं असतं, काठाला चिखल दिसतो आणि बेडकं पायाखाली येतात, तेवढं बघून चाला.

आपला,
एक वाचक, बेळगाव तालुका