संद्या, तुझं स्टेटस बघून लिहितोय

संद्या,

काल रात्री तुझं स्टेटस बघितलं. निफ्टीचा कॉल, म्हणजे शेअर बाजार वर जाणार यावर लावलेला ऑप्शनचा डाव, ११,४०० च्या नफ्याचा हिरवा आकडा आणि वर 'पंधरा मिनिटं फक्त'. बघून काही बोललो नाही म्हणून तुला वाटलं असेल जळतोय. तसं नाही रे, पोटात गोळा आला म्हणून गप्प बसलो. असलेच आकडे मीपण टाकायचो २०२१-२२ ला आणि त्यातली अर्धीच गोष्ट तुला माहितीय.

मी पैशासाठी नव्हतो गेलो त्यात, खरंच. लॉकडाऊनमध्ये घरी बसून डोकं बधिर झालेलं, दिवसभर कुणाचा फोन नाही, आणि एका टेलिग्राम ग्रुपवर रोज सकाळी नऊला सगळे 'गुड मॉर्निंग फॅमिली' करायचे. पहिल्यांदा ४,००० सुटले तेव्हा स्क्रीनशॉट टाकला तर आगीच्या इमोजींचा पाऊस पडला, ॲडमिनने तो पिन केला. अरे सहा वर्षं नोकरीत राबलो, साहेबाच्या तोंडून एकदा 'चांगलं केलंस' ऐकलं नव्हतं, आणि इथे अनोळखी पोरं मला 'भावा भारी ट्रेड' म्हणत होती. रात्रभर झोप नाही आली आनंदाने.

मग पुढचं सगळं त्या पिनसाठी. एक्सपायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायची, तेव्हा गुरुवारी असायची, दुपारी दोननंतर पाच-सात रुपयांचे ऑप्शन उचलायचे, हिरो-झिरो म्हणतात ते, तुला आता माहितीच असणार. दिशा बरोबर असली तरी उशीर झाला की प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, वितळून जातो आणि साडेतीनला हातात शून्य. लॉसचा स्क्रीनशॉट कोण टाकतं सांग? म्हणून ग्रुपमध्ये सगळे जिंकतानाच दिसायचे, मला वाटायचं माझंच कायतरी चुकतंय, की पुन्हा पैसे टाकायचे रिकव्हरीला. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे १,८०,००० त्यात गेले. तुला तेव्हा सांगितलेलं डॉक्टर थोडं थांबा म्हणतायत. खोटं बोललो तुझ्याशी. ती दीड वर्ष काठी टेकत जिना चढली आणि मी वरून स्टेटस टाकत होतो.

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला, त्यात तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे हेच फ्युचर्स-ऑप्शनचे सौदे, केलेली १ कोटीहून जास्त साधी माणसं, त्यातली ९३ टक्के लॉसमध्ये, खर्च धरून प्रत्येकी सरासरी २ लाखांच्या आसपास गेले. समोर अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारे कॉम्प्युटर प्रोग्राम, लावून बसलेल्या मोठ्या कंपन्या, आपण मोबाईलवर अंगठा घेऊन. पण मी हादरलो ते दुसऱ्या आकड्याने, सलग दोन वर्षं लॉस खाल्लेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक तरी ट्रेड करतच राहिले. लोक म्हणतील हावरट. मला त्यात माझ्यासारखे दिसतात रे, ज्यांना पैसे गेले तरी ग्रुप सोडवत नव्हता, कारण तो सोडला तर दिवसभर बोलायचं कुणाशी?

तुझ्याशी बोलायला मीपण वर्षभर आलो नाही, ती चूक माझीच. दुकान उघडल्यापासून तू काउंटरवर एकटा असतोस हे माहिती असून नाही आलो.

वहिनींना सांगितलंयस का? नसेल तर आधी ते कर, मी येईपर्यंत थांबू नको.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. ब्रोकरच्या साइटवर टॅक्स पी अँड एल नावाचा नफा-तोट्याचा रिपोर्ट मिळतो, पूर्ण वर्षाचा, चार्जेस धरून, तो काढून ठेव. मी माझा २०२१-२२ चा घेऊन येतो. अजून कुणालाच दाखवलेला नाही, आईलापण नाही.

तुझा,
बाळ्या