आवाहन : आपल्या वाट्याचे दहा टक्के

सप्रेम नमस्कार.

हे पत्र गणपतीआधीच तुमच्या हाती पडायला हवे होते. पण पंधरा दिवस मी सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर कागद अपलोड करण्यात अडकलो होतो आणि सीएंच्या सहीसाठी ठाण्यातल्या घंटाळीला तीन खेपा झाल्या. तेव्हा आधी उशिराची क्षमा मागतो आणि मग दवाखान्याच्या त्या अनुदानातल्या आपल्या दहा टक्क्यांसाठी पैसे मागतो.

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या पलीकडचा आपला बारा खाटांचा दवाखाना तुम्हाला नव्याने सांगायला नको. निम्म्या सभासदांच्या घरचे कुणी ना कुणी तिथे भिंतींना चुना लावायला, खाटा उचलायला किंवा नुसतीच झुणका-भाकर खायला येऊन गेले आहे. पहिली खोली उभी राहिली ती पाचपाखाडीच्या काकूंच्या पाटल्यांवर. यजमान गेले त्याच महिन्यात काकूंनी पाटल्या रुमालात बांधून कार्यालयात आणल्या आणि 'भिंतीवर माझे नाव दिसले तर परत घेऊन जाईन' असे बजावले. नाव लावले नाही, आजही इथे लिहीत नाही. वागळे इस्टेटमधला कारखाना बंद झाला तेव्हा हिशेबाचे पैसे हातात पडल्या दिवशी तिथल्या कामगारांनी माणशी एका दिवसाचा पगार आपल्याला दिला. उद्यापासून घरी बसणारी माणसे ती! त्यातून प्रसूतीचे टेबल आले. अजून तेच आहे, पायरी तेवढी वेल्डिंग करून घेतली. नौपाड्याच्या भगिनींनी अकरा दिवाळ्या चकल्या-अनारसे विकून सिस्टरांचे पगार काढले. आणि स्टेशनजवळचे औषधवाले शेठ! त्यांनी आपल्या उधारीची वही कधी उघडून दाखवली नाही. ते गेल्यावर मुलाने ती वही आणून दिली, शेवटच्या पानावर शेठनी स्वतःच्या हाताने 'जमा' लिहून ठेवले होते.

अशा लोकांचे हे मंडळ. म्हणूनच गेल्या वर्षीच्या पत्राला आलेली उत्तरे एका हाताच्या बोटांवर मावली, हे लिहिताना बरे वाटत नाही. दारोदार गेलो तेव्हा बहुतेकांनी चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला : 'आता सरकार देते ना सगळे?'

देते. नाही असे मुळीच नाही. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यापासून गावांकडे पैसा आला, आशाताई आल्या, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायका वाढल्या. डोंगरी-आदिवासी भागात 3,000 वस्तीला उपकेंद्र आणि 20,000 वस्तीला प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकषही आहे. पण तो पैसा सरकारी केंद्रांचा, आपल्यासारख्या संस्थेच्या दवाखान्याला त्यातून पगार मिळत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, तेही खरे. मात्र ती योजना उपचाराचे बिल भरते, तेसुद्धा यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या आजाराचे. रुग्ण तिथवर जिवंत पोचवायचा कुणी?

यंदा जुलैतली गोष्ट. पहाटे तीनला पाड्यावरून एक बाई झोळीतून आणली. पोटात दुखते एवढेच सांगत होती. सूज नाही, दंशाची खूण नाही. आपल्या सिस्टरांनी कंदील तोंडाजवळ नेला (वीज अर्थातच गेलेली) आणि पापण्या मिटत चाललेल्या पाहिल्या. भुईवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते ती अशीच, कळतही नाही. डॉक्टरांना उठवेपर्यंत सिस्टरांनी सलाईन लावून सर्पदंशावरच्या लसीच्या दहा कुप्या काढून ठेवल्या होत्या. मग जीपमधून शहापूर, आणि वाटभर आपला वॉर्डबॉय श्वास देणारी अंबू बॅग हाताने दाबत बसलेला. त्याच्या अंगठ्याला आलेले फोड मी स्वतः पाहिले. बाई वाचली. जूनमध्ये गावदेवी मंडईत आपण ज्यांच्याशी शेवळे या रानभाजीच्या जुडीवरून घासाघीस करतो, त्यांच्यातलीच ती एक.

आता मुद्द्याचे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची एक योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणारी. 1953-54 पासूनची, म्हणजे आपल्या बहुतेक सभासदांपेक्षा वडीलधारी. दहा किंवा अधिक खाटांचा दवाखाना तिच्यात बसतो. मंजूर खर्चाच्या साधारणपणे 90 टक्के सरकार देते, 10 टक्के संस्थेने स्वतःचे घालायचे. मागच्या खेपेला आपला प्रस्ताव याच रकान्यापाशी लटकला. तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळे पाहिले, रजिस्टरांचे कौतुक केले आणि पासबुक मागितले. मी काय दाखवणार होतो?

शिवाय मंजुरी म्हणजे हातात पैसे नव्हेत. अनुदान हप्त्याने येते, आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचे हलत नाही. तोवर डॉक्टर, सिस्टर, आया, ड्रायव्हर यांचा पगार आपणच द्यायचा. मंजुरीचे पत्र दाखवून किराणावाला तांदूळ देत नाही.

हिशेब थोडक्यात : वर्षाचा खर्च 36 लाख. आपला 10 टक्के हिस्सा 3 लाख 60 हजार. पहिल्या चार महिन्यांचे पगार 6 लाख 40 हजार. एकूण 10 लाख. खात्यात आज 1 लाख 15 हजार. हवेत 8 लाख 85 हजार, 31 ऑक्टोबरपर्यंत, कारण नोव्हेंबरात तपासणी आहे. खाते क्रमांक व क्यूआर कोड पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर. चेक मंडळाच्या नावे. 2,000 रुपयांवरची रक्कम रोख देऊ नये, देणगीवरची प्राप्तिकर सवलत (80-जी) मिळणार नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ती सवलत तशीही नाही, तरी द्या. पॅन लिहा, नाहीतर करासाठी लागणारे देणगीचे 10-बीई प्रमाणपत्र काढता येत नाही आणि मार्चमध्ये तुम्ही मलाच फोन करता. कार्यालय मंगळवार व शनिवार, संध्याकाळी 6 ते 8. कंपनीत सीएसआर (समाजकार्याचा निधी) पाहणारे कुणी ओळखीचे असेल तर आमची गाठ घालून द्या, तो निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी झालेली आहे.

आपला नम्र,
कार्यवाह

ता. क. : कृपया जुन्या साड्या आणि मुदत संपलेल्या गोळ्या पाठवू नयेत. गेल्या दिवाळीतली दोन पोती अजून माझ्या जिन्याखाली आहेत.