गाव शिकायला कॉलेज कशाला?

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "आमचा जन्म गावात गेला, तुझं बालपण गावात गेलं, आता गाव शिकायला कॉलेज कशाला?" त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही. तुम्हाला कमी ऐकू येतं आणि आई मधेच "जेवलीस का" विचारते. म्हणून पत्र. शिवाय तुम्हा दोघांची एक परवानगी हवी आहे, ती शेवटी लिहिते.

आधी नोकरीचं, नाहीतर बाबा पुढचं वाचायचेच नाहीत. बी.ए. ग्रामीण विकास ही कला शाखेची साधी पदवी आहे. गटविकास अधिकाऱ्याच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, तशी हीसुद्धा चालते. हिच्यासाठी कुणी वेगळी खुर्ची राखून ठेवलेली नाही. 'उमेद'मध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, पाणलोटाच्या कामांवर, संस्थांच्या प्रकल्पांत हा विषय शिकलेल्यांना काम मिळतं, पण त्यातलं बरंचसं कंत्राटी. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथ्याचं मी अजून ठरवलेलं नाही. ऑफिसचं काम अर्धवेळ करून घेतलंय, त्यात खोलीचं भाडं आणि फी भागते. तुमच्याकडे पैसे मागणार नाही. मामांनी "तिशी उलटल्यावर बी.ए.?" असं विचारलं तर होय म्हणून सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

अभ्यासक्रम सगळाच भारी आहे असंही नाही. निम्मी पुस्तकं म्हणजे योजनांच्या याद्या. उद्दिष्टे, वैशिष्ट्ये, गुण, दोष, संपला धडा. समुदाय विकास कार्यक्रम 2 ऑक्टोबर 1952, बलवंतराय मेहता समिती 1957, आपल्याकडे जिल्हा परिषदा 1 मे 1962 पासून. पाठ करायचं, पेपरात उतरवायचं. दोष विचारले की पोरं डोळे झाकून 'भ्रष्टाचार, जनजागृतीचा अभाव' लिहून मोकळी होतात. तिथे माझंही मन लागत नाही.

पण महसुलाच्या कागदांचा धडा आला आणि मी वर्गात एकदम शहाणी ठरले. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. आठ-अ म्हणजे तलाठ्याकडचा खातेउतारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 मात्र घरांच्या आकारणीचा, त्याचा आठ-अशी काही संबंध नाही. इथे शहरातल्या पोरांची त्रेधा उडाली. मी तुमच्या ट्रंकेतले कागद चाळत वाढलेली, फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, सहा नंबरला असते हे मला चौथीत माहीत होतं. सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी सांगितलं, वडिलांकडे.

त्याच तासाला सरांनी दुसरा प्रश्न टाकला. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तो या कागदांत कुठे सापडेल? वर्ग गप्प. बाबा, तुमच्या ट्रंकेत सगळा शिवार आहे, बांधाबांधाची भांडणं आहेत, पण ओढ्यापलीकडचं एकही घर नाही.

हे नुसतं ऐकून मी विसरले असते. पण पुढे क्षेत्रकार्याला गेलो तेव्हा तेच डोळ्यांसमोर घडलं. गावाचं नाव लिहीत नाही. पीआरए म्हणतात त्याला. आपण प्रश्नांची यादी घेऊन घरोघर जायचं नाही, गावातल्यांनीच जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा आणि आपण बघायचं. शाळेच्या पटांगणात रांगोळी, खडे, लिंबाचा पाला असं सामान ठेवलं. पुरुषांनी आधी काढला. देऊळ, पंचायतीचं ऑफिस, डांबरी रस्ता, सोसायटी, पुतळा, आणि पंधरा मिनिटांत हात झटकून उठले. बायांनी दुसरीकडे काढायला घेतला तो काही संपेना. हापसा कुठला चालू, कुठला बंद. रेशनचं दुकान. नदीकडची वाट. रात्री दिवा नसतो तो रस्त्याचा तुकडा एकीने कोळशाच्या भुकटीने काळा केला. आम्ही वह्या भरत होतो.

तेवढ्यात बघायला आलेली एक शाळकरी पोर म्हणाली, "आणि आमची घरं?" तिची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. रांगोळी काढणाऱ्या बाईने मान वर न करता सांगितलं, "अगं, तिकडं भिंत येते शाळेची." आणि खरंच येत होती. नकाशा भिंतीपाशी संपला होता, पुढे जागाच नव्हती. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. सर काही बोलले नाहीत, आम्हालाही बोलू दिलं नाही. जरा वेळ कुजबुज झाली. मग एका म्हातारीने पदर खोचला, अख्खा नकाशा हाताने पुसला आणि म्हणाली, "बारकं काढा, म्हंजे बसंल समदं." पुन्हा सगळं काढलं. ती वस्ती आली आणि तिच्याजवळ पाण्याची खूण म्हणून एकही खडा ठेवता आला नाही, हेही तेव्हाच दिसलं.

मी त्या रात्री आपल्या गावाचा नकाशा वहीत काढून बघितला. आपल्या ओढ्यापलीकडची माणसं उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात? मला सांगता येईना. तुम्हाला येईल का, बाबा? गाव शिकायला कॉलेज कशाला, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

पाण्यावरून एक सांगते, तुम्हाला ते पटणार नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे या पुण्याच्या इंजिनीअर-उद्योजकाने पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा, की पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यायचं. माणसामागे अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. "विहीर माझी, मोटर माझी, आणि पाणी मोजणार गाव?" हे तुमचं वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय. मी वर्गात तुमचीच बाजू घेऊन भांडले. सरांनी एवढंच विचारलं, विहिरीत येणारं पाणी कुणाच्या रानात मुरतं? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर लिहा, मला खरोखर हवंय.

आजीचाही धडा आहे, आई. म्हणजे तिचं नाव नाही, पण ती आहे. ती बहात्तरला खडी फोडायला जायची, तिथे खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची, हे तू किती वेळा सांगितलंस. त्याआधी 1965 साली विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात हीच कल्पना राज्यभर उपयोगी पडली. 1977 साली महाराष्ट्राने कायदा केला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितलं तर सरकारने ते द्यायचं, देता आलं नाही तर बेकारी भत्ता. केंद्राचा कायदा यायला 2005 उजाडलं. आणि या कामांना पैसा कुठून आला ठाऊक आहे? शहरातल्या नोकरदारांवर 1975 साली व्यवसाय कर बसवला, त्यातून. माझ्या पगारातून तो कापला जायचा, फेब्रुवारीत थोडा जास्त, आणि मी दरवर्षी चिडायचे. आजीच्या खडीशी त्याचं नातं आहे हे ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं.

आता ग्रामसभेविषयी, कारण परवानगी त्याच्याशी जोडलेली आहे. क्षेत्रकार्यातच आम्ही एका गावची ग्रामसभा पाहिली. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला कमी असेल तो आकडा. आम्ही विद्यार्थी सोडले तर पारावर कुणी नव्हतं. वाट पाहून सभा तहकूब केली. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या वेळी दहा-बारा माणसांत सगळे विषय उरकले. सूचक तेच, अनुमोदक तेच, प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर'. मागाहून शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्यांना गेला. बाबा, असा शिपाई आपल्याकडेही यायचा आणि तुम्ही चष्मा न लावता सही करायचात, हे मी पाहिलंय. तुम्हाला बोल लावत नाही, सगळेच करतात.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात उलट चालतं. तिथे आधी अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो, मग ग्रामसभा. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांचं जमेपर्यंत थांबतात. वेळ खूप लागतो. पण 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव होतं, ते या थांबण्याच्या सवयीमुळे, असं मला वाटतं. आपल्या गावाला ते जसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे भावकी आहे, सोसायटीची निवडणूक आहे, आणि कोण कुणाशेजारी बसणार इथूनच सुरुवात आहे.

आई, तू म्हणशील माझा काय संबंध. नेहमीच्या ग्रामसभेआधी फक्त बायकांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्चीवर बाई आणि बोलतो नवरा, हे चित्र मीही पाहिलं, नाकारत नाही. पण तुझ्या बचत गटात एका रुपयाचा फरक आला तर तुम्ही रात्री दहापर्यंत बसून तो शोधता. पंचायतीचा हिशोब याहून अवघड नसतो, फक्त तो तुमच्यासमोर कुणी ठेवत नाही.

तर परवानगी अशी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मला आपल्याच गावावर करायचा आहे. विषय ओढ्यापलीकडच्या वस्तीचं पाणी. पंचायतीची जुनी ठरावबुकं पाहायची, वस्तीच्या पाण्याचा विषय कधी आला, कुणी मांडला, पुढे काय झालं, ते नोंदवायचं. वस्तीवर जाऊन बायांबरोबर नकाशा काढायचा. कुणाची चौकशी नाही, कुणाची तक्रार नाही. तरी पारावर तुम्हाला विचारणारच, "लेक काय खणून काढायला आलीय?" त्या बुकांत काका सरपंच असतानाचेही ठराव निघतील. मी ते वगळणार नाही, हे आधीच सांगते. मी महिनाभर राहून परत येईन, तिथे राहायचं तुम्हाला आहे, म्हणून विचारते.

नको वाटलं तर स्पष्ट नको म्हणा. सरांनी दुसरं गाव सुचवून ठेवलंय, माझे गुण कमी होणार नाहीत. हो असेल तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी कळवा, म्हणजे त्या सभेलाच मी येईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की काय करणार आहे. मागून कळण्यापेक्षा ते बरं. आणि बाबा, त्या दिवशी तुम्ही येऊन बसलात तर पुढेच बसा, मागे तुम्हाला ऐकू येत नाही.

बाकी क्षेम.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, गटाची जुनी रजिस्टरं रद्दीत घालू नकोस. वस्तीतल्या कुणी कधी गटात येण्यासाठी विचारलं होतं का, त्यातून कळेल.