सुमीचा रिपोर्ट

प्रिय विन्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच, पुढे.

सुमीच्या एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करणारा तो आजार) मेंदूचा एमआरआय झाला, कॉन्ट्रास्ट देऊन. नवीन डाग नाही, चमकणारा डाग एकही नाही, खाली लिहिलंय 'स्टेबल'. दादा लगेच सराफ्यातून जलेबी घेऊन आला, काकू अख्ख्या रामबागेला फोन करून "बरी झाली हो पोरगी" सांगत सुटली. आणि सुमी रमी खेळताना पान हातात धरून बसून राहते रे, टाकायचं काय तेच सुचत नाही. सुमी! जिच्याकडून तू जन्मभर हरलास (आणि तो जोकर मी लपवला नव्हता, आजही सांगतो, तू रडका होतास).

डॉक्टरांना खोदून विचारलं. गॅडोलिनियम, म्हणजे ते कॉन्ट्रास्टचं औषध, फक्त ताजी सूज दाखवतं, म्हणजे रक्त आणि मेंदूमधला अडसर जिथे आत्ता फुटलाय ती जागा, आणि ती चमकही काही आठवड्यांत जाते. व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) कडेचे उभे डाग, डॉसन्स फिंगर्स म्हणतात ते, जुनेच आहेत, पण टी-वन नावाच्या एमआरआय फोटोत त्यातले काही काळेभोर दिसतात, ब्लॅक होल, तिथले मज्जातंतूच गेलेत. शिवाय काही जुने डाग कडेकडेने धुमसत राहतात, त्यांच्याभोवती लोह साठलेल्या पेशींची रिंग असते, पण ती बघायला वेगळा सिक्वेन्स, म्हणजे एमआरआयचाच वेगळा प्रकार, लागतो, तो काढलाच नव्हता. मेंदू आकसतो ते वेगळंच. निरोगी माणसाचाही वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के आकसतो, एमएसमध्ये बहुतेकदा अर्धा टक्का किंवा वर. सुमीचा किती? तर म्हणे आधीचा स्कॅन दुसऱ्या मशीनवरचा, आणि पाणी कमी प्यायलं तरी आकडा हलतो, एवढ्यावरून काही ठरवू नका. बरोबरच आहे त्यांचं, पण मी रात्री काय करू?

येताना गाडीत तिने विचारलं, "सूज नाही, तर मग मला शब्द का सापडत नाहीत?" मी पार्किंगवाल्याशी दहा रुपयांवरून भांडत बसलो.

ताईच्या वेळेस तुझ्याकडेही असेच 'स्टेबल'वाले रिपोर्ट होते ना? तू घरी कधी सांगितलंस? का सांगितलंच नाहीस? इथे दादाला काही म्हटलं की "तू निगेटिव्ह आहेस" म्हणतो. औषध बदलण्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचंय मला, पण सुमीला बरोबर न्यायचं की नुसत्या सीडी घेऊन जायचं?

तुझं बडोद्याचं घर झालं का, चिंटूची ॲडमिशन? वहिनींना नमस्कार. रविवारी दुपारी फोन कर, तेव्हा दादा घरी नसतो.

तुझा,
बाळ्या