अण्णांना घेऊनच ये

प्रिय पम्या,

शिव्या घालायच्या असतील तर आधीच घालून घे, कारण घेतली. प्रीमियर पद्मिनी गाडी. 86 ची, क्रीम कलर. दादरच्या एका रिटायर्ड काकांची, सोसायटीच्या मागे नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, बॅटरी टायर नळ्या सगळं बदलून उभी केली. चावी देताना काकांनी बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि एक शब्द न बोलता वर निघून गेले, मग काकू खिडकीतून ओरडल्या, "दार आपटू नका हो, हळू ओढलं तरी लागतं!"

टेम्पोत टाकून आण म्हणून घरचे मागे लागलेले, पण मला कुठे धीर. खोपोलीपर्यंत मी हिरो, हात खिडकीबाहेर. बोरघाटात सेकंड गिअरला चढतोय आणि अर्ध्यावर फुस्स. मे महिना, दुपारचे दोन. करंट येतोय, टाकीत पेट्रोल आहे, पण ही उठेना. आणि एकदम तुझे अण्णा आठवले! चौथीत असताना त्यांच्या टॅक्सीतून एकवीरेला गेलेलो बघ, पुढच्या सलग सीटवर मी, तू आणि अण्णा, गिअर स्टिअरिंगलाच म्हणून पायात काही लुडबुड नाही, तेव्हा पण घाटात हेच झालेलं. अण्णांनी खांद्यावरचं फडकं भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळलं आणि लांब जाऊन विडी पेटवली, विडी संपली तशी गाडी चालू. तेव्हा जादू वाटलेली, पण प्रकार एवढाच की इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. मी अंगातला बनियन काढला, पाण्याची बाटली ओतली त्याच्यावर. दहा मिनिटांत उठली बाई.

तेव्हापासून रात्री हिच्याच कुंडल्या वाचत बसतो. माहेर तुरीनचं, फियाटच्या दांते जाकोझा नावाच्या इंजिनिअरने काढलेली अकराशे (फियाट 1100), 1953 ची. सासर कुर्ल्याचं. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 ला प्रीमियर कंपनी काढली, त्याआधी ब्रिटिशांनी त्यांना गाड्यांचा कारखाना काही काढू दिला नव्हता. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ जोडायचे, फियाट नंतर आली. ती डुक्कर फियाट आठवते का, पुढची दारं उलटी उघडायची? तीच हिची थोरली बहीण. मग 1964 ला डिलाइट नावाचं मॉडेल, आणि पुढे फियाटचं नाव जाऊन सत्तरच्या दशकात पद्मिनी. इटलीत अकराशे 1969 लाच बंद पडली आणि इथे आणखी तीस वर्षं नांदली.

आता लोक फोटो टाकून हळहळतात, काय गाडी होती वगैरे. अरे होती कसली, दुसरं काही मिळतच नव्हतं! लायसन्सचं राज्य, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, मग कंपनी कशाला काय बदलेल? पण एक मानतो, हिचं बॉनेट उघडलं की सगळं दिसतं. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटवर काजळी धरली तर पॉलिश पेपर मारा, गॅप लावा, निघा. माझ्या दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं की नुसतं काळं प्लास्टिक.

शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला रजिस्टर झालेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 संपता संपता सगळ्या रस्त्यावरून गेल्या. त्या दिवशी अण्णांनी बातम्या लागल्या लागल्या टीव्ही बंद केला हे तूच सांगितलेलंस.

बरं, ऑफिसात मी व्हिंटेज गाडी घेतली म्हणून मिरवतोय पण सरकारी हिशोबात व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात, म्हणजे 2036 पर्यंत ही नुसतीच म्हातारी.

आता मुद्दा. सकाळी थंड इंजिनाला ठक ठक आवाज येतो, गरम झाली की गायब. इथल्या एका गॅरेजवाल्याने आधी व्हॉल्व्हचे टॅपेट सेट केले, मग टायमिंगची चेन बदलली, मग म्हणाला इंजिनच उतरवू, तोवर बारा हजार गेलेले आणि आवाज जागच्या जागी. रेकॉर्ड करून पाठवणार होतो पण अण्णा म्हणतील मोबाईलवर काय डोंबल कळतंय. म्हणून शनिवारी त्यांना घेऊनच ये. गुडघ्यांचं कारण सांगतील, ऐकू नको. म्हणावं खाली वाकायचं नाहीये, खुर्ची टाकून देतो, नुसतं ऐका. आणि त्यांचं ते पत्र्याच्या डबीतलं फिलर गेज, गॅप मोजायच्या पट्ट्यांचं, असेल अजून तर आणायला सांग, इथे मला मिळालेलं सगळं गंजकं निघालं.

स्टेशनला घ्यायला येतो, हिच्यातूनच. अर्धा तास उशीर झाला तर फोन करू नको, रिक्षा कर.

तुझाच,
बंड्या